तीव्र स्वादुपिंडदाह आणि इलेक्ट्रोॲक्युपंक्चर : प्रश्न स्वादुपिंडाचा की आतड्यांचा?

तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णाच्या नातेवाइकांना एक गोष्ट आरंभीच सांगावी लागते आणि ती पटायला त्यांना फार जड जाते: स्वादुपिंडातील हा दाह थेट थांबवणारे औषध आजही उपलब्ध नाही. प्रयत्न कमी झालेले नाहीत. स्वादुपिंडाचा स्राव कमी करणारे ऑक्ट्रिओटाइड, पाचक विकरांना अडवणारे गॅबेक्सेट, दाहाच्या साखळीतील एक दुवा तोडणारे लेक्सिपॅफंट ही सर्व औषधे प्राण्यांवरील प्रयोगांत आशादायक वाटली होती. माणसांवरील मोठ्या चाचण्यांत मात्र त्यांच्यापैकी कोणाचाही ठोस फायदा दिसला नाही. अशी जागा रिकामी असली की तिथे इतर उपचारपद्धती येतात, आणि त्यांतली एक म्हणजे इलेक्ट्रोॲक्युपंक्चर, म्हणजे टोचलेल्या सुयांतून सौम्य वीज सोडण्याची पद्धत. चीनमधील अनेक रुग्णालयांत सलाइन, वेदनाशामके आणि नळीवाटे आहार यांच्या जोडीने ती वापरली जाते आणि तिच्यावर बरेच संशोधनही तिथे झाले आहे.

या विषयावरचे लेखन वाचताना माझे एक मत बनत गेले. इलेक्ट्रोॲक्युपंक्चरमुळे स्वादुपिंडदाह बरा होतो का, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आज मिळत नाही आणि नजीकच्या काळात मिळेल असेही मला वाटत नाही. परंतु या आजारात ठप्प झालेली आतडी तिच्यामुळे लवकर हलू लागतात का, हा वेगळा, अधिक नेमका आणि तपासता येण्याजोगा प्रश्न आहे. तो महत्त्वाचा का आहे हे समजण्यासाठी आधी आजाराकडे पाहिले पाहिजे.

स्वादुपिंड अन्नातील प्रथिने व मेद फोडणारी विकरे तयार करते, पण ती निष्क्रिय रूपात साठवते. ट्रिप्सिनोजेन हे त्यांतले प्रमुख. ते लहान आतड्यात पोहोचल्यावरच ट्रिप्सिनमध्ये रूपांतरित व्हावे, अशी शरीराची व्यवस्था असते. पित्ताचा खडा नलिकेच्या तोंडाशी अडकला, मद्याचा दीर्घकाळ मारा झाला, रक्तातील ट्रायग्लिसराइड हजाराच्या पुढे गेले किंवा पित्तनलिकेच्या एंडोस्कोपीत नलिकेला इजा झाली, की ही व्यवस्था कोलमडते, विकरे पेशीच्या आतच जागी होतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. हान्स किआरी या विकृतिशास्त्रज्ञाने १८९६ साली हा स्वपचनाचा विचार मांडला आणि त्याचा गाभा आजही ग्राह्य धरला जातो.

निदानाचे निकष २०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणाने पक्के केले आहेत. पोटाच्या वरच्या भागातील विशिष्ट वेदना, रक्तातील लायपेज किंवा अमायलेज ही स्वादुपिंडाची विकरे सामान्य मर्यादेच्या किमान तिप्पट, आणि सीटी स्कॅनसारख्या प्रतिमेत दिसणारे बदल, या तिहींपैकी दोन गोष्टी असल्या की निदान होते. अवयव निकामी झालेला नाही आणि गुंतागुंतही नाही, असा आजार सौम्य. निकामीपणा ४८ तासांच्या आत सावरला किंवा स्थानिक गुंतागुंत झाली, तर मध्यम तीव्र. आणि निकामीपणा ४८ तासांपेक्षा जास्त टिकला, तर गंभीर. सुमारे ८० टक्के रुग्णांचा आजार सौम्य असतो व योग्य आधार मिळाल्यास ते बहुधा आठवडाभरात सावरतात. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण या आजारावरील कोणत्याही उपचाराचे मूल्यमापन करताना तो पुन्हा आडवा येतो.

उरलेल्या रुग्णांची लढाई स्वादुपिंडापुरती राहत नाही, आणि इथेच आतड्यांचा विषय येतो. स्वादुपिंड पोटाच्या मागच्या भागात, आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या मोठ्या वाहिन्यांना लागून असते. त्याच्या भोवती दाह पसरला, शरीरातील द्रव रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपू लागला आणि रक्तदाब घसरला, की आतड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो व त्यांची हालचाल मंदावते किंवा थांबते. पोट फुगते, वारा सरत नाही, उलट्या थांबत नाहीत. पोटातील दाब फार वाढला तर मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणि फुप्फुसांचे प्रसरण दोन्ही अडचणीत येतात. हालचाल थांबलेल्या आतड्यात जंतूंची वाढ होते, आतील अस्तराचा अडसर दुबळा होतो आणि जंतू किंवा त्यांची विषद्रव्ये भिंत ओलांडून स्वादुपिंडाच्या, दाहामुळे मृत झालेल्या भागापर्यंत पोहोचू शकतात. पहिल्या आठवड्यातील मृत्यू मुख्यतः अवयव निकामी झाल्याने होतात. त्यानंतरच्या आठवड्यांतील बरेच मृत्यू या मृत भागात जंतुसंसर्ग झाल्याने होतात. म्हणून अतिदक्षता विभागात सकाळच्या फेरीत, रक्ताच्या अहवालाइतक्याच गांभीर्याने, वारा सरला का आणि पोट मऊ आहे का, हे विचारले जाते.

प्रचलित उपचारांबद्दल थोडक्यात सांगतो. शिरेवाटे द्रव हा त्यांचा पाया आहे, पण किती द्रव द्यावा याबद्दलचे मत गेल्या काही वर्षांत बदलले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वॉटरफॉल’ चाचणीत भराभर द्रव दिलेल्या रुग्णांपैकी २०.५ टक्के रुग्णांत द्रवाचा अतिभार आढळला, बेताने दिलेल्या गटात ६.३ टक्के, आणि आजार कमी तीव्र होण्याच्या बाबतीत भराभर देण्याचा फायदा काहीच दिसला नाही. पूर्वी आठवडाभर उपाशी ठेवण्याची रीत होती. ती आता मागे पडली असून, सोसेल तितक्या लवकर तोंडाने, आणि ते जमत नसेल तर नळीने, आहार सुरू करावा असे मानले जाते. सरसकट प्रतिजैविके देत नाहीत. पित्ताचे खडे हे कारण असेल आणि आजार सौम्य असेल, तर त्याच मुक्कामात पित्ताशय काढणे श्रेयस्कर ठरते.

लवकर आहार देण्याचा आग्रह आतड्यांसाठीच असतो, कारण अन्न मिळाले की अस्तर टिकते. परंतु आतडी हलत नसतील तर अन्न पुढे जाणार कसे? त्यात वेदनांची अडचण आहे. या आजाराच्या वेदना असह्य असतात आणि त्यांसाठी अफूवर्गीय औषधे द्यावीच लागतात. तीच औषधे आतड्यांची हालचाल आणखी मंद करतात. वेदना कमी करावी आणि आतडीही चालू ठेवावीत, अशी दुहेरी गरज असलेल्या या ठिकाणी एखादा उपाय दोन्ही बाजूंनी थोडा जरी उपयोगी पडला, तरी त्याचे मोल मोठे आहे. इलेक्ट्रोॲक्युपंक्चरकडे गांभीर्याने पाहावे असे मला वाटते, ते याच कारणाने.

या पद्धतीत ॲक्युपंक्चरच्या बारीक सुया ठरावीक ठिकाणी स्नायूपर्यंत टोचतात, सुयांच्या जोडीला छोट्या यंत्राच्या तारा लावतात आणि काही मिनिटे, बहुधा अर्धा तास, सौम्य विद्युतस्पंद सोडतात. विद्युतप्रवाह मिलिअँपिअरमध्ये मोजला जातो, स्पंदांची गती हर्ट्झमध्ये. सुया प्राचीन परंपरेतल्या असल्या तरी त्यांना वीज जोडण्याचा विचार तितका जुना नाही. फ्रान्समध्ये लुई बर्लिओझ या वैद्याने १८१६ साली तो सुचवला आणि सार्लांदिएर यांनी १८२५ साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. चीनमध्ये या पद्धतीचा पद्धतशीर प्रसार विसाव्या शतकाच्या मध्यानंतर झाला. विजेचा लाभ असा की उपचाराची मात्रा मोजता येते. हाताने सुई फिरवताना प्रत्येकाचा हात वेगळा. यंत्रावर मात्र किती मिलिअँपिअर, किती हर्ट्झ, किती वेळ, हे नोंदवता येते व दुसऱ्याला जसेच्या तसे करून पाहता येते.

पोटाच्या विकारांत वारंवार येणारी तीन ठिकाणे सांगतो. झूसान्ली, म्हणजे आंतरराष्ट्रीय नोंदीत एसटी ३६, हे गुडघ्याच्या वाटीखाली रुग्णाच्याच चार बोटांच्या अंतरावर, नडगीच्या किंचित बाहेर असते. तियानशू, म्हणजे एसटी २५, नाभीच्या दोन्ही बाजूंना असते. नेइगुआन हे मनगटाच्या आतील बाजूस, थोडे वर असते आणि मळमळीसाठी प्रसिद्ध आहे. पायावरच्या सुईचा पोटाशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडेल. परंपरेचे उत्तर शरीरातील ऊर्जामार्गांचे आहे. शरीरक्रियाशास्त्राचे उत्तर मज्जातंतूंचे आहे, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत ते अनपेक्षितपणे समृद्ध झाले आहे.

वेदनेपुरते पाहिले तर बीजिंगचे ची-शंग हान यांच्या दीर्घ संशोधनाने एक आधार दिला. २ हर्ट्झच्या संथ स्पंदांनी मज्जासंस्थेत एन्केफॅलिन व एंडॉर्फिन ही शरीराची स्वतःची वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, तर १०० हर्ट्झच्या जलद स्पंदांनी डायनॉर्फिन. म्हणून दोन्ही गती आलटून पालटून देण्याची रीत रुळली. आतड्यांबाबत जपानचे अकिओ सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या उंदरांवर जे दाखवले ते मला फार मोलाचे वाटते. पोटाच्या त्वचेला उद्दीपित केले असता जठराची हालचाल मंदावत असे, आणि तो परिणाम मेरुरज्जूच्या पातळीवरील अनुकंपी (सिंपॅथेटिक) मज्जातंतूंमधून होत असे. मागच्या पायाला उद्दीपित केले असता काही वेळा ती वाढत असे, आणि त्यासाठी मेंदूपर्यंत जाऊन व्हेगस या, मेंदूतून पोटातील अवयवांकडे उतरणाऱ्या मज्जातंतूवाटे परत येणारा मार्ग वापरला जात असे. याचा अर्थ सुई कोठे टोचली यावर परिणामाची दिशाच बदलू शकते. ज्या रुग्णाची आतडी आधीच ठप्प आहेत त्याच्या बाबतीत हा भेद क्षुल्लक नाही.

दाहाच्या अंगाने सांगायचे तर कथा व्हेगसपासूनच सुरू होते. केव्हिन ट्रेसी यांच्या गटाने २००० साली दाखवले की उंदरांत व्हेगसला विद्युत उद्दीपन दिल्यास जंतुविषामुळे उसळणारा दाह कमी होतो. २००६ साली ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी हेच सूत्र थेट स्वादुपिंडदाहाला लावले: व्हेगस कापलेल्या उंदरांत आजार अधिक तीव्र झाला, आणि व्हेगसच्या संदेशाची नक्कल करणारे औषध आधी दिलेल्या उंदरांत तो सौम्य राहिला. पुढे २०१४ साली लुईस उल्लोआ व सहकाऱ्यांनी झूसान्लीवर इलेक्ट्रोॲक्युपंक्चर देऊन संपूर्ण मार्गच उलगडला. पायातील सायाटिक मज्जातंतूतून गेलेला संदेश व्हेगसमार्गे मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीपर्यंत पोहोचतो, तिथून डोपामिन स्रवते, आणि ते दाहाला आवर घालते. जंतुदोष झालेल्या उंदरांचे जगण्याचे प्रमाण त्यामुळे वाढले; मज्जातंतू कापला किंवा अधिवृक्क ग्रंथी काढली, तर लाभ नाहीसा झाला.

यानंतर चिउफू मा यांच्या गटाने केलेले काम, माझ्या मते, या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यायला हवे. २०२० साली त्यांनी उंदरांत दोन ठिकाणे आणि दोन तीव्रता यांची तुलना केली. मागच्या पायावर सुमारे अर्धा मिलिअँपिअरचे सौम्य उद्दीपन व्हेगस आणि अधिवृक्क ग्रंथी यांचा मार्ग जागा करत असे व दाह कमी करत असे. पोटावर तीन मिलिअँपिअरचे तीव्र उद्दीपन वेगळ्याच मार्गाने, मेरुरज्जू व प्लीहेकडे जाणाऱ्या अनुकंपी मज्जातंतूंतून, काम करत असे. ते जंतुविष देण्यापूर्वी दिले तर उंदीर वाचत, पण जंतुविष दिल्यानंतर दिले तर दाह वाढून त्यांची अवस्था अधिक बिघडत असे. २०२१ साली त्याच गटाने पायाच्या खोल स्नायुआवरणात पसरलेले विशिष्ट संवेदी मज्जातंतू ओळखले, जे नसतील तर सौम्य उद्दीपनाचा परिणामच होत नाही, आणि पोटाच्या आवरणात ते जवळजवळ नसल्यामुळे तिथे तेच सौम्य उद्दीपन निष्फळ ठरते.

या निष्कर्षांचा आनंद मला वाटतो तितकीच धास्तीही वाटते. आनंद यासाठी की ठिकाण, खोली आणि तीव्रता यांना शरीररचनेचा आधार मिळाला. धास्ती यासाठी की एकाच नावाखाली दिला जाणारा उपचार, ठिकाण व वेळ बदलली तर तारक होतो किंवा मारक. ‘सुयाच तर आहेत, अपाय काय होणार’ हे वाक्य अनेकदा कानावर येते. वरचा प्रयोग उंदरांवरचा असला तरी त्या वाक्याचा आधार काढून घेतो.

प्राण्यांवरील स्वादुपिंडदाहाच्या प्रयोगांचे वाचन करताना हाच वेळेचा मुद्दा पदोपदी जाणवतो. प्रयोगशाळेत उंदरांना सेरुलिनची इंजेक्शने देऊन, नलिकेत पित्तक्षार भरून किंवा आर्जिनिन देऊन हा आजार निर्माण करतात. आजार केव्हा सुरू झाला हे तासासकट ठाऊक असते, आणि उपचार अनेकदा आधी किंवा लगेच दिला जातो. माणसाच्या पोटात कळ उठते, तो ती काही तास सोसतो, घरगुती उपाय करतो, आणि रुग्णालयात येतो तेव्हा दाहाची साखळी कितीतरी पुढे गेलेली असते. प्रतिबंध आणि उपचार यांतले हे अंतर औषधांच्या बाबतीतही दिसते. पित्तनलिकेच्या एंडोस्कोपीनंतर होणारा स्वादुपिंडदाह गुदमार्गे इंडोमेथासिन दिल्याने कमी होतो. २०१२ च्या अमेरिकन चाचणीत, अधिक जोखीम असलेल्या रुग्णांत, तो १६.९ टक्क्यांवरून ९.२ टक्क्यांवर आला. परंतु म्हणून आजार जडल्यावर तेच औषध तो परतवते, असे कोणी म्हणत नाही.

माणसांवरील पुराव्याबाबत मला सावधपणे लिहायला हवे. प्रकाशित चाचण्या बहुतांश चीनमधील, बहुधा एकाच रुग्णालयातील आणि लहान आहेत. त्यांचे एकत्रित विश्लेषण करणारे लेख सामान्यतः असा कल दाखवतात की प्रचलित उपचारांना ॲक्युपंक्चर किंवा इलेक्ट्रोॲक्युपंक्चरची जोड दिलेल्या रुग्णांत पोटफुगी लवकर उतरते, वारा व शौच लवकर होते आणि आहार लवकर सुरू करता येतो. त्याच वेळी ते पुराव्याची प्रत कमी असल्याचेही सांगतात. अनेक चाचण्यांत त्याच रुग्णांना रेवाचिनीसारख्या सारक वनस्पतींचे काढेही दिलेले असतात, त्यामुळे लाभ सुईचा की काढ्याचा, हे वेगळे करता येत नाही. तुलनेच्या गटाला खोट्या, म्हणजे केवळ दिखाव्याच्या, सुया दिल्याच नसतील, तर आपल्याला विशेष उपचार मिळतो आहे हे रुग्णाला कळते आणि वेदनेच्या गुणांकनावर त्याचा परिणाम होतोच.

आणखी एका गोष्टीवर मी थोडे थांबतो, कारण ती वाचकाची सहज दिशाभूल करते. काही लेखांत अमायलेज लवकर उतरल्याचे यश म्हणून मांडलेले असते. अमायलेज काही दिवसांत आपोआप उतरते आणि त्याच्या पातळीचा आजाराच्या तीव्रतेशी विश्वासार्ह संबंध नसतो; अत्यवस्थ रुग्णाचे अमायलेजही सामान्य असू शकते. ते उतरणे हा बरे होण्याचा पुरावा धरला, तर कोणताही उपचार यशस्वी ठरेल. वर सांगितलेले ८० टक्के इथे पुन्हा आठवावेत: बहुतेक रुग्ण जर सावरणारच असतील, तर मृत्यू किंवा टिकाऊ अवयव-निकामीपणा यांवर उपचाराचा परिणाम दाखवण्यासाठी फार मोठी चाचणी लागते, आणि पन्नास-साठ रुग्णांच्या चाचणीतून तो दिसणे जवळजवळ अशक्य आहे. आतड्यांच्या हालचालीचे तसे नाही. ती तासांत मोजता येते आणि मध्यम आकाराच्या चाचणीतही फरक दिसू शकतो.

तो दिसतो याचा त्यातल्या त्यात बरा पुरावा शेजारच्या क्षेत्रातून मिळतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाल्यानंतरही आतडी काही दिवस ठप्प होतात. हाँगकाँगमधील १६५ रुग्णांच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इलेक्ट्रोॲक्युपंक्चर मिळालेल्या गटाला पहिले शौच सरासरी सुमारे ८६ तासांनी झाले, काहीच न मिळालेल्या गटाला सुमारे १२२ तासांनी, आणि खोट्या सुया मिळालेला गट या दोहोंच्या मध्ये राहिला. या मधल्या गटाकडे दुर्लक्ष करू नये. लाभाचा काही भाग सुईच्या पलीकडचा, म्हणजे लक्ष मिळण्याचा, अपेक्षेचा आणि धीराचा असतो, हे तो सांगतो. त्यानंतर चीनमधील २४८ रुग्णांच्या, एकाहून अधिक रुग्णालयांत झालेल्या चाचणीतही, खोट्या सुयांशी तुलना करून, सुमारे ९० तासांऐवजी ७६ तास असा फरक आढळला. हा लाभ माफक आहे, पण त्याची दिशा दोन्हीकडे एकच आहे.

तरीही शस्त्रक्रियेनंतरचे आतडे आणि स्वादुपिंडदाहातील आतडे एक नव्हे. पहिल्यात रक्ताभिसरण बहुधा स्थिर असते. दुसऱ्यात, विशेषतः पहिल्या दोन-तीन दिवसांत, आतड्याला रक्त पुरत नसण्याची शक्यता असते, आणि रक्ताची ओढाताण असलेल्या अवयवाला अधिक काम करायला लावणे नेहमीच हिताचे नसते. याविषयी नेदरलँड्समधील ‘प्रोपॅट्रिया’ चाचणीचा अनुभव मी कधी विसरू शकत नाही. कल्पना निर्दोष होती: आतड्यांत चांगले जंतू सोडावेत, म्हणजे वाईट जंतू वाढणार नाहीत आणि मृत भागात संसर्ग होणार नाही. गंभीर होण्याची चिन्हे असलेल्या २९८ रुग्णांवर ती तपासली गेली आणि २००८ साली निकाल आला. संसर्ग कमी झाला नाही, आणि जीवाणूंचे मिश्रण मिळालेल्या गटात १६ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात ६ टक्के. पहिल्या गटातील ९ रुग्णांच्या आतड्यांना रक्त न पोहोचल्याने इजा झाली होती. दुसऱ्या गटात असा एकही रुग्ण नव्हता. दह्यातल्या जंतूंसारख्या निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टीने या आजारात जीव जाऊ शकतो, हे त्या चाचणीआधी कोणी मानले नसते. इलेक्ट्रोॲक्युपंक्चर असेच ठरेल असे मला सुचवायचे नाही. चाचणी केल्याशिवाय ते निरुपद्रवी आहे असे गृहीत धरता येणार नाही, इतकेच माझे म्हणणे आहे.

आता ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांच्यासाठी काही शब्द. पोटाच्या वरच्या भागात एकाएकी उठलेली, पाठीत जाणारी, उलट्यांसह येणारी आणि न थांबणारी कळ ही रुग्णालयात जाण्याची खूण आहे. त्या घडीला सुयांच्या उपचाराचा विचार करत घरी थांबू नये. पहिल्या चोवीस तासांतील द्रव, प्राणवायू आणि निरीक्षण यांना पर्याय नाही. वेदना सुयांनी कमी झाली तरी नलिकेत अडकलेला खडा तिथेच असतो, ताप व कावीळ असेल तर संसर्ग झालेली पित्तनलिका तातडीने मोकळी करावी लागते, आणि ट्रायग्लिसराइड वाढलेले असेल तर त्याकडेही वेगळे लक्ष द्यावे लागते.

रुग्णालयातच, उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीने, कोणी हा उपचार देऊ करत असेल, तर काही गोष्टी स्पष्टपणे विचाराव्यात. रुग्णाला पेसमेकर किंवा तत्सम विद्युतयंत्र बसवलेले असेल, तर विद्युतस्पंद सहसा टाळतात. गंभीर आजारात रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडू शकते. प्लेटलेट्स घटल्या असतील किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर स्नायूत सुई टोचण्यापूर्वी दहा वेळा विचार हवा. पोट ताणलेले असताना आणि आत द्रव साठलेला असताना पोटावर सुया टोचण्यास माझा तरी विरोध राहील. पायावरची ठिकाणे उपलब्ध असताना आणि प्रयोगही त्यांच्याच बाजूने बोलत असताना ती जोखीम घेण्याचे कारण दिसत नाही. सुया निर्जंतुक व एकदाच वापरायच्या असाव्यात, आणि कोणत्या ठिकाणी, किती मिलिअँपिअर, किती हर्ट्झ, किती वेळ, याची नोंद रुग्णाच्या कागदपत्रांत असावी. अशी नोंद ठेवण्यास तयार नसलेल्या व्यक्तीकडून हा उपचार घेऊ नये.

अमेरिकेच्या जठरांत्रतज्ज्ञांच्या प्रमुख मार्गदर्शक तत्त्वांत आजघडीला या उपचाराची शिफारस नाही, आणि उपलब्ध पुरावा पाहता ती नसणे मला योग्यच वाटते. ती बदलायची असेल तर लागणारी चाचणी फार गूढ नाही. तिच्यात एकाहून अधिक देशांतील रुग्णालये असावीत. रुग्ण मध्यम तीव्र गटातील, रक्ताभिसरण स्थिर झालेले आणि आतडी ठप्प असलेले असावेत. काढे व सारके दोन्ही गटांत सारखीच असावीत किंवा नसावीत. खोट्या सुयांचा गट असावा आणि निकाल मोजणाऱ्याला कोणाला काय मिळाले हे ठाऊक नसावे. मुख्य मोजमाप अमायलेजचे नको. रुग्ण किती तासांत पुरेसा आहार पचवू लागला आणि त्याला अफूवर्गीय औषधे किती लागली, हे मोजावे, आणि मृत भागातील संसर्गाची नोंद पुढचे काही आठवडे ठेवावी. त्याबरोबर आतड्यांच्या रक्तपुरवठ्यावर स्वतंत्र सुरक्षासमितीची पहिल्या रुग्णापासून नजर असावी, आणि एका गटात तशी इजा अधिक दिसू लागली तर चाचणी तिथेच थांबवण्याचा अधिकार त्या समितीकडे असावा.